तोतया अँटिव्हायरसचा बाजार

महाजालावर एखादी बातमी किंवा छायाचित्र शोधत असता पडद्यावर अचानक एक नवी खिडकी उघडते. तिच्यात ‘माय कॉम्प्युटर’चे ओळखीचे चित्र असते. ‘सी’ आणि ‘डी’ ड्राइव्हची तपासणी चालू असल्याचे दाखवणारी हिरवी पट्टी पुढे सरकत असते आणि फायलींची नावे भराभर डोळ्यांसमोरून जात असतात. अर्ध्या मिनिटात तपासणी संपते आणि लाल अक्षरांत निकाल उमटतो: संगणकात अनेक विषाणू सापडले असून त्यांपैकी काही अतिधोकादायक आहेत, पासवर्ड आणि बँकेचे तपशील चोरीस जाण्याची शक्यता आहे. खाली एक ठसठशीत बटण असते, ‘सर्व विषाणू काढून टाका’. ते दाबले की तोवर ठणठणीत असलेल्या संगणकात पहिला विषाणू शिरतो.

हा देखावा २००५ नंतरच्या सहा-सात वर्षांत जगभर इतक्या वेळा झाला, की सिमँटेक या कंपनीने जुलै २००८ ते जून २००९ या एकाच वर्षात अशा बनावट संरक्षक प्रणाली संगणकांत घुसवण्याचे ४ कोटी ३० लाख प्रयत्न नोंदवले होते. या प्रणालींची संख्या अडीचशेहून अधिक होती. नावेही मोठी भारदस्त: अँटिव्हायरस २००९, एक्सपी अँटिव्हायरस, विनफिक्सर, सिक्युरिटी टूल. खऱ्या प्रणालींच्या शेजारी यादीत ठेवली तर कोणती खरी आणि कोणती तोतया, हे केवळ नावावरून जाणकारालाही सांगता येऊ नये.

एरवीचे विषाणू चोरपावलांनी येतात. तोतया अँटिव्हायरस मात्र दार ठोठावून येतो आणि घरमालकाकडूनच कडी काढून घेतो. संगणकाच्या सुरक्षेची ज्याला फिकीर नाही, असा माणूस ही खिडकी बंद करून पुढे जातो. विषाणूंविषयी वर्तमानपत्रात वाचलेला, पासवर्ड चोरीला जाऊ नये म्हणून जपणारा, मुलांच्या हातून काही बिघडले तर नाही ना या काळजीत असलेला माणूसच ते बटण दाबतो. या फसवणुकीचे भांडवल वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा नसून त्याची काळजी आहे, आणि म्हणूनच ती इतकी वर्षे टिकून आहे.

त्या तपासणीत खरे काय असते? काहीच नसते. कोणत्याही संकेतस्थळाच्या पानाला वाचकाच्या संगणकातील हार्ड डिस्क वाचण्याची मुभा नसते. ब्राउजर ती देत नाही. पडद्यावर दिसते ती निव्वळ हलणारी चित्रफीत. सरकणारी पट्टी, फायलींची नावे, सापडलेल्या विषाणूंची संख्या, सारे आधीच लिहून ठेवलेले असते. याचा सर्वांत गमतीदार पुरावा ॲपलचा मॅकिन्टॉश किंवा लिनक्स वापरणाऱ्यांना मिळत असे. त्यांच्या संगणकात ‘सी’ ड्राइव्ह नावाची वस्तूच नसताना त्यांच्याही पडद्यावर विंडोज एक्सपीचा निळा साज चढे आणि तिच्यातील ‘सी’ ड्राइव्हमध्ये डझनावारी विषाणू निघत.

त्या खिडकीवरची बटणेही चित्राचाच भाग असतात. ‘हो’ आणि ‘रद्द करा’ यांत भेद नसतो; कोपऱ्यातील फुलीसुद्धा रंगवलेली असते. कुठेही क्लिक केले तरी फाइल उतरवण्याची क्रिया सुरू होते. पान बंद करू पाहणाऱ्याला आणखी एक इशारा आडवा येतो: ‘संगणक असुरक्षित अवस्थेत सोडून जायचे आहे का?’ दोन-तीनदा असे झाले की घाबरलेला माणूस एकदाचे ‘हो’ म्हणून मोकळा होतो.

गूगलच्या संशोधकांनी २०१० साली या विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्याच्या शीर्षकात वैद्यकातील ‘नोसिबो’ हा शब्द योजला. औषध नसलेल्या गोळीनेही रुग्णाला बरे वाटते, तो ‘प्लासिबो’. याच्या उलट, तुम्ही आजारी आहात असे सांगितल्याने धडधाकट माणसाला खरोखर बरे वाटेनासे होते, तो ‘नोसिबो’. शब्दाची निवड अचूक होती. तेरा महिन्यांत तपासलेल्या २४ कोटी पानांवरून त्यांनी असा निष्कर्ष काढला, की महाजालावर आढळलेल्या घातक प्रणालींपैकी सुमारे १५ टक्के प्रणाली बनावट अँटिव्हायरस होत्या. जाहिरातींच्या वाटेने येणाऱ्या घातक प्रणालींत तर त्यांचा वाटा निम्मा होता.

जाहिरातींचा हा मार्ग विशेष लक्ष देण्याजोगा आहे, कारण त्यामुळे ‘संशयास्पद संकेतस्थळांवर जाऊ नका’ हा नेहमीचा उपदेश निरर्थक ठरतो. सप्टेंबर २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या संकेतस्थळावर वाचकांना असे बनावट इशारे दिसू लागले. महाजालावरून दूरध्वनी सेवा देणाऱ्या एका प्रसिद्ध कंपनीच्या नावाने ही जाहिरात घेण्यात आली होती. काही दिवस ती सरळपणे झळकली आणि मग शनिवार-रविवार गाठून तिच्यामागचा मजकूर बदलण्यात आला. २०१० साली मिनियापोलिसच्या स्टार ट्रिब्यून या दैनिकाच्या बाबतीत याहून पद्धतशीर डाव खेळला गेला. लाटव्हियातील टोळीने चक्क एक बनावट जाहिरात संस्था उभी केली आणि एका हॉटेल साखळीच्या वतीने जागा विकत घेतली. दैनिकाच्या तंत्रज्ञांनी जाहिरात तपासली, ती निर्दोष निघाली. प्रसिद्ध झाल्यावर तिच्यातील आज्ञावली बदलली गेली आणि वाचकांचे संगणक ठप्प होऊ लागले. ते सुरू करून घेण्याची किंमत होती ४९.९५ डॉलर. या प्रकरणातील लाटव्हियाच्या एका नागरिकाला अमेरिकेतील न्यायालयाने २०१८ साली ३३ महिन्यांची शिक्षा ठोठावली. बातमी वाचायला आलेल्या माणसाची यात चूक काय, या प्रश्नाला उत्तर नाही.

दुसरा मार्ग शोधयंत्राचा. एखादी मोठी घटना घडली की लोक तिच्याविषयी शोध घेऊ लागतात. जून २००९ मध्ये मायकल जॅक्सन यांचे निधन झाले, जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला. दोन्ही वेळी काही तासांतच त्या शब्दांनी भरलेली पाने शोधयंत्राच्या निकालांत वर चढवली गेली आणि त्यांवर क्लिक करणारे थेट बनावट तपासणीच्या दारात जाऊन पोहोचले. या पानांची ठिकाणे सतत बदलत असत. गूगलच्या त्याच अभ्यासानुसार एकेका ठिकाणाचे आयुष्य २००९ च्या वसंतात शंभर तासांहून अधिक होते, ते २०१० च्या आरंभी तासाभराच्या आसपास आले. एक ठिकाण काळ्या यादीत जाईपर्यंत टोळी दुसरीकडे बिऱ्हाड हलवत असे. काही वेळा तर बटण दाबण्याचीही वाट पाहिली जात नसे. जुन्या, सुधारणा न केलेल्या फ्लॅश, जावा किंवा ॲक्रोबॅट रीडरमधील भगदाडातून प्रणाली आपोआप आत शिरे. लक्षावधी संगणकांत पसरलेल्या कॉन्फिकर या कुप्रसिद्ध विषाणूने एप्रिल २००९ मध्ये आपल्या ताब्यातील संगणकांवर ‘स्पायवेअर प्रोटेक्ट २००९’ ही अशीच तोतया प्रणाली उतरवली होती.

एकदा आत शिरल्यावर तोतया सभ्यपणाचा आव सोडतो. संगणक सुरू होताच स्वतःही सुरू व्हावे, अशी नोंद तो विंडोजच्या रजिस्ट्रीत करतो. खरी अँटिव्हायरस प्रणाली असेल तर तिला निकामी करतो आणि तिच्या निर्मात्यांची संकेतस्थळे उघडणार नाहीत अशी तजवीज करतो. वापरणाऱ्याने टास्क मॅनेजर उघडायचा प्रयत्न केला, तर ‘ही फाइल विषाणूग्रस्त असल्याने उघडता येत नाही’ असे उत्तर मिळते. वर्ड उघडा, एक्सेल उघडा, उत्तर तेच. दर काही मिनिटांनी घड्याळाशेजारी इशाऱ्याचा फुगा उगवतो. काही प्रणाली पडद्याची पार्श्वभूमी बदलून तेथे धोक्याची सूचना लावतात. काहींनी तर संगणक कोसळल्यावर दिसणारा निळा पडदाच स्क्रीनसेव्हर म्हणून बसवला होता. कुंपणानेच शेत खाल्ल्याचे याहून चांगले उदाहरण संगणकाच्या इतिहासात सापडणे कठीण. आणि संगणक आता खरोखरच आजारी असल्यामुळे मूळचे खोटे निदान खरे वाटू लागते.

येथे खऱ्या प्रणालीचे काम काय असते, ते थोडक्यात पाहायला हवे. खरी अँटिव्हायरस प्रणाली संगणकातील फायली प्रत्यक्ष वाचते, ज्ञात विषाणूंच्या खुणांशी त्या ताडून पाहते आणि चालू प्रणालींच्या हालचालींवर नजर ठेवते. या खुणांची यादी रोज वाढवावी लागते आणि त्यासाठी प्रयोगशाळा व माणसे बाळगावी लागतात. पुण्यात संगणक दुरुस्तीच्या छोट्या दुकानातून १९९० च्या दशकात जन्मलेली क्विक हील ही या कष्टाच्या वाटेने मोठी झालेली कंपनी. तोतयाला यातले काहीही लागत नाही. त्याला फक्त पडद्याचे सोंग हुबेहूब वठवावे लागते.

सोंगाचा हिशेब मात्र चोख असे. या धंद्यातील सर्वांत गाजलेली कंपनी म्हणजे इनोव्हेटिव्ह मार्केटिंग. तिची नोंदणी मध्य अमेरिकेतील बेलीझमध्ये आणि कार्यालय युक्रेनच्या राजधानीत, कीव्हमध्ये होते. विनफिक्सर, विनअँटिव्हायरस, ड्राइव्हक्लीनर, एररसेफ, एक्सपी अँटिव्हायरस ही तिचीच अपत्ये. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००८ मध्ये तिच्याविरुद्ध दावा दाखल केला, तेव्हा दहा लाखांहून अधिक ग्राहक फसले असल्याचा आयोगाचा आरोप होता. जाहिराती नामांकित संस्थांच्या असल्याचे भासवले जाई. त्यांच्यात दडवलेली आज्ञावली वाचकाला बनावट तपासणीकडे वळवत असे. मे २०१० मध्ये शिकागो येथे तिच्याशी संबंधित तिघांवर फौजदारी आरोपपत्र दाखल झाले. साठहून अधिक देशांतील लोकांना दहा कोटी डॉलरहून अधिक रकमेला गंडा घातल्याचा आरोप त्यात होता. २०१२ साली न्यायालयाने या कंपनीशी निगडित असलेल्या एका प्रतिवादीला १६ कोटी ३० लाख डॉलर भरण्याचा आदेश दिला. आदेशातली रक्कम आणि प्रत्यक्ष वसूल होणारी रक्कम यांत किती अंतर असते, हे वेगळे सांगायला नको.

धंदा चालतो कसा, याचे आतले चित्र कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील संशोधकांमुळे २०११ साली समोर आले. अशा तीन टोळ्यांच्या सर्व्हरमधील नोंदी त्यांच्या हाती लागल्या होत्या. एका टोळीने तीन महिन्यांत सुमारे ८४ लाख संगणकांवर आपली प्रणाली पोहोचवली आणि त्यांपैकी १ लाख ८९ हजार लोकांनी पैसे भरले. म्हणजे शंभरातील जेमतेम दोघे. ९८ जणांनी ओळखले, दुर्लक्ष केले किंवा संगणक दुरुस्तीला दिला तरी टोळीचे काही अडत नव्हते. उरलेल्या दोघांकडून तीन महिन्यांत १ कोटी १० लाख डॉलर जमा झाले. तिन्ही टोळ्यांची मिळून कमाई १३ कोटी डॉलरच्या वर गेली होती. संगणकांपर्यंत प्रणाली पोहोचवण्याचे काम टोळी स्वतः करत नसे. ते दलालांवर सोपवलेले असे आणि त्यांना विक्रीतला भरघोस वाटा मिळे.

या नोंदींत सर्वांत उद्बोधक गोष्ट होती परताव्याची. तक्रार करणाऱ्या काही ग्राहकांना या टोळ्या मुकाट्याने पैसे परत देत. त्यामागे उपरती नव्हती. क्रेडिट कार्डाच्या व्यवहाराविरुद्ध ग्राहकाने बँकेकडे तक्रार केली की रक्कम उलट फिरवली जाते, आणि अशा तक्रारी ठरावीक प्रमाणाबाहेर गेल्या की कार्ड कंपनी त्या व्यापाऱ्याचे खातेच बंद करते. म्हणून टोळ्या तक्रारींचा आकडा डोळ्यांत तेल घालून पाहत आणि तो चढू लागला की परताव्यांचे प्रमाण वाढवत. शिकागोच्या आरोपपत्रातही ग्राहकांच्या तक्रारी थोपवण्यासाठी चालवल्या जाणाऱ्या कॉल सेंटरचा उल्लेख आहे. ग्राहकाने बँकेकडे वा पोलिसांकडे जाऊ नये यासाठी परतावा देण्याची मुभा तेथील कर्मचाऱ्यांना होती, असे त्यात म्हटले आहे. सर्व्हर बदलता येतात, नावे बदलता येतात. परंतु कार्डाचे पैसे स्वीकारणारी बँक सहजी मिळत नाही. तोतयाची नाडी होती ती येथे.

ती आवळली गेली २०११ च्या उन्हाळ्यात. मे महिन्यात ‘मॅक डिफेंडर’ नावाच्या प्रणालीने ॲपलच्या संगणकांना विषाणूंची बाधा होत नाही या समजाला तडा दिला होता आणि ॲपलला महिनाअखेरीस खास सुधारणा प्रसिद्ध करावी लागली होती. जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अनेक देशांच्या पोलिसांसह मोठी कारवाई केली. त्यात उघड झालेल्या एका टोळीने ९ लाख ६० हजार लोकांकडून ७ कोटी २० लाख डॉलर उकळले होते. एकेका प्रणालीसाठी १२९ डॉलरपर्यंत किंमत घेतली जाई. कारवाई, अटका आणि कार्ड कंपन्यांचा दबाव यांमुळे हा बाजार बसला. मात्र गुन्हेगार बेकार झाले नाहीत. संगणक अडवून ठेवला की माणूस पैसे देतो, हा धडा ते शिकले होते. पुढच्या वर्षी पोलिसांच्या नावाने पडदा अडवणाऱ्या प्रणाली सर्वत्र पसरल्या आणि २०१३ साली आलेल्या क्रिप्टोलॉकरने फायलीच कुलूपबंद करून खंडणी मागितली. खोट्या इशाऱ्याची गरजच उरली नाही.

खोटा इशाराही अस्तंगत झालेला नाही. त्याने फक्त कपडे बदलले. आज तो विंडोजच्याच सुरक्षा केंद्राचा वेष घेऊन सारा पडदा व्यापतो, कर्कश आवाज काढतो आणि विक्रीच्या बटणाऐवजी एक दूरध्वनी क्रमांक देतो. पलीकडचा मनुष्य स्वतःला मायक्रोसॉफ्टचा तंत्रज्ञ म्हणवतो, दूरवरून संगणकाचा ताबा मिळवणारी प्रणाली उतरवायला सांगतो आणि ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून त्यातील लाल खुणा दाखवतो. अशा खुणा प्रत्येक निरोगी संगणकातही असतात, हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसते. या धंद्याशी भारताचा संबंध थेट आहे. अमेरिका, ब्रिटनमधील वृद्धांना गाठणारी अशी अनेक कॉल सेंटरे आपल्याच शहरांतून चालवली गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ खाली देशभर ७६ ठिकाणी छापे घातले, त्यांतील काही प्रकरणे मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन यांच्या तक्रारींवरून दाखल झाली होती.

हा खेळ केवळ गुन्हेगारी टोळ्याच करतात असेही नाही. अमेरिकेतील ऑफिस डेपो या दुकानांच्या साखळीत संगणकाची मोफत तपासणी करून मिळत असे. फेडरल ट्रेड कमिशनच्या म्हणण्यानुसार तपासणीपूर्वी चार प्रश्नांचे रकाने भरले जात: संगणक मंद चालतो का, वारंवार बंद पडतो का, वगैरे. त्यांतील एकाही रकान्यात खूण झाली की विषाणूची लक्षणे आढळल्याचा निकाल येई. मग तपासणीत काही निघो वा न निघो. आजारी असल्याची तक्रार घेऊन आलेल्याला त्याचीच तक्रार निदान म्हणून परत दिली जात होती. साखळी आणि ती प्रणाली पुरवणारी कंपनी यांनी २०१९ साली एकूण ३ कोटी ५० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. मार्च २०२४ मध्ये सायप्रसमधील रेस्टोरो आणि रीइमेज या कंपन्यांनीही बनावट इशाऱ्यांच्या आरोपांवरून २ कोटी ६० लाख डॉलर देण्याचे मान्य केले.

मोबाइलवर तर सोंग आणखी सोपे झाले. एप्रिल २०१४ मध्ये गूगलच्या प्ले स्टोअरवर ‘व्हायरस शील्ड’ नावाचे ॲप ३.९९ डॉलरला मिळत होते आणि दहा हजारांहून अधिक लोकांनी ते विकत घेतले. त्याचे काम एकच: बोट लावले की ढालीवरची फुली जाऊन तेथे बरोबरची खूण येई. पुढे एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या ऑस्ट्रियातील चाचणी संस्थेने २०१९ साली अँड्रॉइडवरील २५० अँटिव्हायरस ॲप तपासली. खोटा इशारा न देता घातक ॲपपैकी ३० टक्के तरी ओळखणारी त्यांत फक्त ८० निघाली. ही निरुपयोगी ॲप निदान निरुपद्रवी तरी म्हणता येतील; २०२२ साली प्ले स्टोअरवर अँटिव्हायरस म्हणून वावरणाऱ्या ॲपमध्ये ‘शार्कबॉट’ हा बँक खाती रिकामी करणारा विषाणू दडलेला आढळला.

अशा वेळी करायचे काय? पडद्यावर इशारा आला तर त्या खिडकीत कुठेही क्लिक करू नये, फुलीवरही नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि तेथून ब्राउजर बंद करावा. पान साऱ्या पडद्यावर पसरले असेल तर आधी एस्केप कळ काही क्षण दाबून धरावी. ब्राउजर पुन्हा उघडताना आधीची पाने परत आणण्यास नकार द्यावा. इशारे ब्राउजर बंद असतानाही कोपऱ्यात उगवत असतील, तर पूर्वी कधीतरी एखाद्या संकेतस्थळाला ‘सूचना दाखवा’ अशी परवानगी दिली गेलेली असते. ब्राउजरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढून टाकली की प्रश्न मिटतो, संगणक स्वच्छ करवून घेण्याचे पैसे वाचतात. विंडोजमध्ये २०१२ सालच्या आठव्या आवृत्तीपासून विषाणूरोधक प्रणाली मुळातच बसवलेली येते आणि ती कधीही दूरध्वनी क्रमांक देत नाही. मायक्रोसॉफ्टही आपण होऊन कुणाला फोन करत नाही.

पैसे दिले गेले असतील तर लाजेपोटी गप्प बसणे महागात पडते, कारण टोळ्यांचा सारा हिशेब त्या मौनावरच बेतलेला असतो. प्रथम बँकेला कळवून कार्ड बंद करावे आणि त्या व्यवहाराविरुद्ध लेखी तक्रार नोंदवावी. त्यानंतर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर दूरध्वनी करावा किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार द्यावी; रक्कम पुढच्या खात्यात वळती होण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. दूरवरून ताबा देणारी प्रणाली उतरवली असेल तर संगणक महाजालापासून तोडून ती काढावी आणि सर्व पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत. संगणक स्वच्छ करण्याची साधने केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात.